‘लोभ धरू नको’ : दहाव्या आज्ञेवर चार आठवड्यांचा वर्ग, मुद्दे हवेत

सदरचा_वाचक (धागाकर्ता)

ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथे नागपुरात तरुणांच्या वर्गात बायबलच्या दहा आज्ञांतली दहावी, ‘शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको’, घ्यायचं ठरलं आहे. मुलं कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशा दोन्ही घरची, त्यामुळे पहिला घोळ आकड्याचाच. कॅथलिक परंपरेत शेजाऱ्याच्या बायकोची अभिलाषा ही नववी आज्ञा आणि मालमत्तेचा लोभ ही दहावी. लुथेरनही दोन वेगळ्या आज्ञा मानतात, पण त्यांच्याकडे नववी घराची आणि दहावी बायको व बाकी सगळ्यांची. सीएनआय, मेथडिस्ट यांच्याकडे दोन्ही मिळून एकच दहावी. मूळ मजकूरही दोन जागी थोडा वेगळा आहे. निर्गम २०:१७ मध्ये आधी घर, मग बायको. अनुवाद ५:२१ मध्ये आधी बायको, मग घर, आणि ‘शेत’ हा शब्द जास्तीचा. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं नाही तर मुलं तासभर त्यावरच भांडतात.

माझा प्रश्न पुढचा आहे. खून, चोरी, खोटी साक्ष यांच्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. लोभ मनातला, त्याचा पंचनामा कोण करणार? मग ही आज्ञा खाजगी मनःशुद्धीची की समाजाची? प्रवचनात लोभ म्हणजे पैशाची हाव, एवढ्यावर विषय आटोपतो. त्याच्या पुढे जायचं आहे.

---

बर्डीचा_पुस्तकी

शब्दापासून सुरू करा. मराठीत ‘लोभ’ हा मुळात वाईट शब्द नाही. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितो तेव्हा आपण हाव मागत नसतो. मुलं हे लगेच पकडतात आणि गंमत अशी की बायबलमध्येही हीच स्थिती आहे. निर्गममधलं हिब्रू क्रियापद ‘हामद’. त्याच धातूचा शब्द एदेन बागेतल्या मनोहर झाडांसाठी, चांगल्या अर्थानेच आला आहे. ग्रीकमध्ये ‘एपिथुमिया’. रोम ७:७ मध्ये प्रेषित पौल लोभासाठी हाच शब्द वापरतो आणि लूक २२:१५ मध्ये शेवटच्या भोजनाची आपल्याला किती उत्कंठा होती हे येशू सांगतो, तिथेही हाच शब्द.

म्हणजे इच्छेवर बंदी नाही. आज्ञेत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द कोणता ते मुलांना मोजायला सांगा : ‘शेजारी’. घर चांगलं असावं ही इच्छा. याचंच घर हवं, हा लोभ.

पौलाचा दुसरा शब्द ‘प्लेओनेक्सिया’, शब्दशः ‘जास्त असणं’. कलस्सै ३:५ मध्ये तो याला थेट मूर्तिपूजा म्हणतो. आपल्याकडे मूर्तिपूजा म्हटलं की बोट दुसऱ्याच्या देवळाकडे जातं. पौलाचं बोट मंडळीतल्याच माणसांकडे आहे.

---

मोहननगर_अभ्यास

समाजाचा विषय कसा, याचं उत्तर १ राजे २१. पूर्ण एक आठवडा याच अध्यायाला द्या आणि घाई करू नका.

नाबोथाचा द्राक्षमळा इज्रेलात, इस्राएलचा राजा अहाब याच्या वाड्याला लागून. अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा आहे. त्याची पहिली मागणी अगदी रास्त वाटते : याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचं वतन आहे. राजा घरी जातो, पलंगावर पडतो, तोंड फिरवतो, जेवत नाही. इथपर्यंत कुठलाच गुन्हा घडलेला नाही.

पुढचं काम कागदांनी होतं. राणी ईजबेल अहाबाच्या नावाने पत्रं लिहिते, त्याचीच मोहोर लावते आणि नाबोथाच्याच गावातल्या वडीलजनांना आणि प्रतिष्ठितांना पाठवते. पत्रात चार सूचना : उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, समोर दोन अधम माणसं साक्षीला आणा, मग बाहेर नेऊन धोंडमार करा. दोन साक्षीदार का? अनुवाद १७:६ प्रमाणे मृत्युदंडाला किमान दोन लागतात म्हणून. म्हणजे कायदा मोडला नाही, वापरला. उपास घातला म्हणजे धर्मही वापरला. २ राजे ९:२६ वरून कळतं की नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं, म्हणजे दावा सांगायला वारसच उरला नाही.

आता यावर पोप ग्रेगरी (कार्यकाळ इ. स. ५९० ते ६०४) यांची यादी ठेवा. त्यांनी लोभाच्या सात ‘मुली’ सांगितल्या आहेत : विश्वासघात, लबाडी, फसवणूक, खोटी शपथ, अस्वस्थता, हिंसा, हृदयाची कठोरता. पलंगावर तोंड फिरवून पडलेला राजा ही अस्वस्थता. पत्रं आणि मोहोर ही लबाडी. वडीलजनांनी आपल्याच गावकऱ्याला दिला तो विश्वासघात. दोन साक्षीदार म्हणजे खोटी शपथ. मेलेल्या माणसाच्या मळ्यात ताबा घ्यायला राजा आरामात चालत जातो, ती कठोरता. एका माणसाच्या मनातल्या भाजीच्या वाफ्यासाठी अख्खं गाव सामील झालं. शिवाय गावातल्या एकानेही ‘हे काय चाललंय’ असं विचारल्याची नोंद अध्यायात नाही.

मार्टिन लूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत शेवटच्या आज्ञा याच अंगाने घेतल्या आहेत. त्याच्या मते त्या उघड चोरांसाठी नाहीत, सभ्य म्हणवून घेणाऱ्यांसाठी आहेत. वारसा, दावे, कागदाचा आधार दाखवून दुसऱ्याचं आपल्याकडे ओढणारे लोक त्याच्या डोळ्यांपुढे आहेत.

---

इतवारीकर

वजनमापात रस असणाऱ्या पोरांसाठी यहोशवा ७ घ्या. यरीहोच्या लुटीतलं काही घ्यायचं नाही असा हुकूम असताना आखान नावाच्या इस्राएली माणसाने लपवलं ते एवढं : शिनारी झगा एक, चांदी २०० शेकेल, सोन्याची कांब ५० शेकेल. शेकेल साधारण ११.४ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याच्या (११.६६ ग्रॅम) जवळपासच. चांदी सव्वादोन किलोच्या वर, सोनं ५७० ग्रॅम. सराफ्यात हे आकडे सांगितले की लोक मान वर करतात.

त्याच्या कबुलीतली क्रियापदं ओळीने लिहून घ्या : पाहिलं, लोभ धरला, घेतलं, लपवलं. उत्पत्ति ३:६ मध्ये हव्वेचाही क्रम तसाच, पाहिलं, हवंसं वाटलं, घेतलं. आणि समाजावर परिणाम विचारत असाल तर या लपवाछपवीपायी पुढच्या, आय गावच्या लढाईत इस्राएल हरलं आणि ३६ माणसं मेली. त्यांच्यापैकी कोणी तो झगा पाहिलासुद्धा नव्हता.

---

राजेहो_४४००

सगळं बरोबर आहे पण एक सांगू का, राजे हो? ही आज्ञा बंगल्यात कमी आणि वस्तीत जास्त ऐकवून राहिले लोक. मोलकरणीनं दोनशे रुपये वाढवून मागितले की ‘समाधानी राहा, लोभ बरा नाही’. काऊन? मालकाच्या नफ्याले कोणी दहावी आज्ञा दाखवते का? मग तुमच्या वर्गातली पोरं उठून विचारतील, तेव्हा काय सांगसाल?

---

मोहननगर_अभ्यास

भाऊ, हा आक्षेप वर्गात आला नाही तर तुम्हीच आणा, इतका तो महत्त्वाचा आहे.

शास्त्रात लोभी म्हणून कोण उभे आहेत ते बघा. अहाब राजा. मीखा २:१-२ मधले शेतं आणि घरं हडपणारे, जे रात्री अंथरुणात बेत करतात आणि सकाळी अमलात आणतात, कारण ‘त्यांच्या हाती बळ आहे’. यशया ५:८ मधले घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणारे. सगळे वरचे. मजुरी मागणाऱ्याला लोभी म्हटल्याची जागा मला तरी दाखवा. उलट लेवीय १९:१३ म्हणतं की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते. ते दोनशे रुपये मोलकरणीचेच असतील, तर शेजाऱ्याच्या वस्तूवर कोणाचा डोळा आहे?

सोबत कैसरियाचा धर्मगुरू बासिल वाचा. इ. स. ३६८-६९ च्या सुमाराला कप्पदुकियात (आजच्या तुर्कस्तानात) दुष्काळ पडला, तेव्हाचं लूक १२:१८ वरचं त्याचं प्रवचन आहे. एकीकडे भाव चढायची वाट बघत धान्य दाबून बसलेला व्यापारी, दुसरीकडे कोणतं मूल विकावं हे ठरवू न शकणारा बाप. बासिलचं म्हणणं असं की तू दाबून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतलं वस्त्र उघड्याचं. ज्याचं त्याला न देणं ही तो चोरीच मानतो.

लूक १२ च्या गोष्टीत जुनी कोठारं पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचं बोलणंही ऐका : माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. पूर्ण गोष्टीत तो दुसऱ्या माणसाशी एक वाक्य बोलत नाही. आधी स्वतःशी, मग देव त्याच्याशी. शेजारी गोष्टीतून गायबच आहे.

---

दीक्षाभूमी_रोड

मी बौद्ध घरातला, पण हा धागा वाचतो आहे. एक फरक नोंदवतो. आमच्याकडे दुसऱ्या आर्यसत्यात दुःखाचं कारण तृष्णा (पाली : तण्हा). ती कशाचीही असू शकते, अगदी असण्याची किंवा नसण्याचीही. तुमच्या आज्ञेत वस्तूंची नावं आणि मालकाचा उल्लेख आहे : घर, बैल, गाढव, शेजाऱ्याचं. तुलना करायची तर तृष्णेपेक्षा पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाशी, न दिलेलं न घेण्याशी, करून पाहा. फक्त ते शील कृतीचं आहे आणि तुमची आज्ञा कृतीच्या एक पाऊल आधी थांबते.

---

सदरचा_वाचक

@दीक्षाभूमी_रोड हे वर्गात नक्की वापरतो, आभार. कोणी जमिनीचा आणि वाटणीचा भाग सांगेल का? लूक १२ ची सुरुवातच ‘गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा’ अशी होते, आणि येशू वाटणी करायला साफ नकार देतो.

---

आखीव_पत्रिका

नकार देतो पण लगेच लोभापासून जपायला सांगतो. वाटणीचं काम त्यासाठी असलेल्या माणसांनी करावं, एवढा अर्थ मी घेतो. तेच सांगतो.

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला १/३, उरलेले २/३ मुलांत सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. आधीच वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना जातो. मुलं-नातवंडं नसून इतर नातेवाईक असतील तर पत्नीला १/२. पत्नी गेली तर पतीलाही हेच नियम. उदाहरण घ्या. जरीपटक्यात ६० लाखांचं घर, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पत्नीचे २० लाख, बाकी ४० लाखांचे तीन समान भाग, प्रत्येकी १३ लाख ३३ हजारांच्या आसपास. लग्न झालेल्या मुलीचाही तेवढाच.

हे घडत कसं नाही ते बघा :

वारस नोंदीच्या शपथपत्रात बहिणीचं नावच लिहीत नाहीत. ‘तिला काही नको आहे’ हे भाऊच ठरवतो. (वरच्या यादीतली खोटी शपथ ती हीच.) मग आखीव पत्रिकेवर (शहरातल्या मिळकतीचा सरकारी नोंद उतारा) फक्त भावांची नावं चढतात आणि घरात सगळ्यांची समजूत होते की हक्क संपला. नोंदीने मालकी जात नाही आणि येतही नाही. बहीण पंधरा वर्षांनी दावा लावते तेव्हा तिलाच लोभी म्हणतात.

बहिणीला खरंच सोडायचं असेल तर हक्कसोडपत्र करा. ते नोंदणीकृतच लागतं, साध्या कागदावर सही घेऊन भागत नाही. माझं मत असं की सही घेण्याआधी तिच्या हिश्शाचा आकडा तिला लेखी दाखवावा. आकडा माहीत नसताना सोडलेला हक्क आणि काढून घेतलेला हक्क यात मला फार फरक दिसत नाही. दुखवट्याच्या घरात, प्रार्थनेनंतर लगेच कागद पुढे करणं हा तर ईजबेलचा उपास झाला.

आपल्या धर्मात ‘वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क’ अशी गोष्ट नाही, हेही मुलांना सांगा. बाप हयात असताना हिस्सा मागणारा धाकटा मुलगा लूक १५ मध्ये सापडतो. कायद्यात त्याला आधार नाही.

---

जरीपटका_ताई

दादा, योबेल वर्षाचा, म्हणजे बायबलमधल्या दर पन्नासाव्या वर्षाचा, हिशोबही जोडा. लेवीय २५ मध्ये जमिनीची किंमत पुढच्या योबेलापर्यंत किती पिकं निघतील त्यावर ठरते. समजा वर्षाचं पीक ४०,००० चं आणि योबेल १२ वर्षांवर, तर किंमत ४,८०,०००, त्याहून जास्त नाही. विकतात ती पिकं, जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ घराला परत. अपवादही आहे : तटबंदीच्या शहरातलं घर एका वर्षात सोडवलं नाही तर कायमचं गेलं. म्हणजे शहरी घराला एक नियम आणि पोट भरणाऱ्या शेताला दुसरा. शहराबाहेर बेसा-हिंगण्याकडे शेतांचे ले-आउट पडताना बघणाऱ्या पोरांना यावर बोलायला खूप काही असेल.

---

इतवारीकर

तिसऱ्या आठवड्याला दामदुप्पट योजना ठेवा. लोभाचा मंडळीतला खरा प्रवेश तिथून होतो, कारण आमिष अनोळखी माणूस दाखवत नाही, शेजारच्या बाकावरचा दाखवतो.

गणित फळ्यावर मांडा. ७२ ला व्याजदराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ७ टक्क्यांना दहा वर्षांहून थोडी जास्त. सहा महिन्यांत दुप्पट म्हणजे महिन्याला सुमारे १२ टक्के, तेही चक्रवाढ. धंदा न करता महिना १० टक्के द्यायचे तर दर महिन्याला जुन्या पैशाच्या १० टक्के नवा पैसा हवा, म्हणजे दर सात महिन्यांनी सभासद जवळपास दुप्पट. दहा जणांपासून सुरू केलं तर साडेतीन वर्षांत साडेपाचशेच्या घरात. एवढी माणसं उपासनेला येतात का?

एक लाख भरणाऱ्याला पहिल्या पाच महिन्यांत ५०,००० मिळतात ते त्याचेच असतात. पण तिसऱ्या महिन्यातच तो प्रार्थनासभेत ‘देवाने आशीर्वाद दिला’ म्हणून सांगतो आणि पुढचे चार जण त्याच्या साक्षीवर येतात. बुडालं की पैसा जातोच, नंतर कोणी कोणाकडे प्रार्थनेलाही जात नाही. आपल्यामुळे दुसऱ्याचं बुडालं असेल तर लेवीय ६:५ चा हिशोब आहे : मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. ५०,००० चे ६०,०००. आणि आधी ज्याचं त्याला, मग अर्पण. लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने चौपट कबूल केलं, ते या नियमाच्या कितीतरी वर.

---

जरीपटका_ताई

मंडळीच्या आतलंही घ्या ना. कापणीच्या सणाला उपासनेनंतर लिलाव असतो. साठ रुपयांचा भोपळा दोन हजाराला जातो, टाळ्या पडतात, बोली लावणाऱ्याचं नाव माईकवर दोनदा. मागे बसलेली विधवा आपण आणलेली मेथीची जुडी कोणी दहालाही घेत नाही हे बघत असते. पैसा चांगल्या कामालाच जातो, पण त्या तासात अख्खी मंडळी एकमेकांची ऐपत मोजत असते. साधा उपाय : माल बाजारभावाने टेबलावर विका, जास्तीचं ज्याला द्यायचं त्याने बंद लिफाफ्यात द्यावं, माईकवर फक्त एकूण आकडा.

सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत (पॅरिस, १८३३) बैठकीला गुप्त पिशवी फिरते, कोणी किती टाकलं कोणालाच कळत नाही. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ आहे : प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला. मूठ ४० ग्रॅम धरली तर दोन वेळा, तीस दिवस, घरामागे २.४ किलो. मूठ सगळ्यांची जवळपास सारखीच असते, म्हणून तिथे ऐपत दिसत नाही.

---

आखीव_पत्रिका

अर्पण मोजण्याचंही. दोन माणसं, एका घरातली नकोत, त्याच दिवशी, नोटांच्या प्रकारानुसार तक्ता आणि दोघांच्या सह्या. यात कोणावर संशय नाही. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल स्वतः वर्गणी एकट्याने नेत नाही, कोणी बोट ठेवू नये म्हणून. बारा शिष्यांत मात्र डबी एकाच्याच, यहूदाच्या, हातात होती. योहान १२:६ वाचा.

जागेबाबत : ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चं कलम ३६ लागतं, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तरीही हवी. जुन्या मिशनच्या आवारांवर कोणाचा डोळा आहे हे सदरमध्ये कोणाला शिकवायला नको. कमिटीच्या निवडणुकीला एकाएकी एवढे उमेदवार का उभे राहतात, हा प्रश्न वर्गात विचारायची हिंमत असेल तर विचारा.

---

राजेहो_४४००

विचाराच! मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडेचा पुतळा गावाबाहेर नेतात तेव्हा) ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून आपण दुसऱ्याचे पाप बरोब्बर ओरडतो.

---

सदरचा_वाचक

तर क्रम असा लावतो : पहिला आठवडा ‘शेजारी’ शब्द आणि आखान, दुसरा नाबोथ, तिसरा मजुरी, योबेल आणि दामदुप्पट, चौथा मृत्युपत्र आणि मंडळीचा हिशोब. चौथ्यात मृत्युपत्राचा कोरा नमुना वाटायचा विचार आहे. पाळकसाहेब साक्षीदार म्हणून चालतील का? बरेच जण विचारतात.

---

आखीव_पत्रिका

चालतील. दोन साक्षीदार लागतात, उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३. पण त्या मृत्युपत्रात पाळकांना किंवा त्यांच्या पत्नीला काही दिलेलं असेल तर कलम ६७ प्रमाणे मृत्युपत्र टिकतं आणि तेवढी देणगी रद्द होते. कोणत्याही साक्षीदाराला हेच लागू, म्हणून ज्याला काही मिळणार नाही असाच माणूस बोलवा. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, कलम ६९, ते तरुणांना आधी सांगा. आणि धर्मादायाला देण्यावर ख्रिस्ती माणसाला जी जास्तीची बंधनं कलम ११८ मध्ये होती ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्दबातल ठरवली. जुन्या छापील नमुन्यांत त्याचा इशारा अजून दिसतो, तो खोडून मगच झेरॉक्स काढा.